बिननंबरी फटफटीची जबानी

तारीख ७ जुलै १९९७, सोमवार. वेळ सकाळी सातची. जागा सुरतच्या लिंबायत भागातला एक लूमचा कारखाना. तळमजला, मागांच्या दोन रांगा, फरशीवर दाराखालून आलेलं पावसाचं पाणी. पाळी बदलली आणि दिवसपाळीचा कामगार धम्मरत्न तायडे आपल्या मागाजवळ पडला. तो पुन्हा उठला नाही.

पोलिसांच्या कागदावर मात्र तो तिथे पडलेला नाही. कागदावर तो रेल्वेच्या फाटकाजवळ, डिंडोलीकडच्या रस्त्यावर पडला. आणि त्याला मी पाडलं.

मी एक फटफटी बोलतेय. मला नंबर नाही, कागदपत्रं नाहीत, मला बनवणारी कंपनी नाही. म्हणून माझ्या नावावर काहीही खपवता येतं, असं ज्यांना वाटलं त्यांचं आजवर काही बिघडलेलं नाही. माझी जबानी कोणी घेतली नाही. ती मी आज देते.

माझं इंजिन आधी उसाच्या रसाच्या गाडीवर होतं. पेट्रोलवर सुरू व्हायचं, गरम झालं की नळी फिरवून रॉकेलवर चालायचं, अशा जातीचं छोटं इंजिन. उन्हाळाभर चरकात ऊस ढकलला जायचा, माश्या घोंगावायच्या, मी धडधडत राहायचे. मग रसवाल्याने विजेची मोटर घेतली आणि मला भंगारात दिलं. १९९१ च्या हिवाळ्यात दोन माणसं भंगाराच्या ढिगाशी येऊन उकिडवी बसली. एकाने माझ्या पुलीला गुंडाळी घालून दोरी ओढली. मी खोकले.

"जित्ती शे रे भो!" तो ओरडला.

तो हिलाल. पारोळ्याकडचा. घरी अहिराणी, कारखान्यात मोडकी हिंदी. दुसरा धम्मरत्न. भुसावळकडचा, रेल्वेत खलाशी असलेल्या बापाचा मुलगा. दोघं एकाच कारखान्यात, त्याच चार मागांवर. पण एकत्र कधीच नाही. हिलाल दिवसा त्या मागांवर असला की धम्मरत्न रात्री, आणि पुढच्या पंधरवड्यात उलट. बारा-बारा तासांच्या पाळ्या. माग थांबत नाहीत, माणसं बदलतात.

डिंडोलीत दोघांची एक खोली होती आणि त्या खोलीत एक खाट. दुसरी लागायचीच नाही. एक उठून कामावर गेला की दुसरा येऊन त्याच खाटेवर आडवा व्हायचा. हिलाल पाटलाघरचा, धम्मरत्न बौद्ध. गावात दोघांच्या वस्त्या वेगळ्या, पाणवठे वेगळे. सुरतेत अंथरूण एक. यावर दोघांपैकी कोणी कधी भाषण केलं नाही. खाट गरम मिळते याची तक्रार मात्र दोघंही करायचे.

डिंडोली ते लिंबायत चालत जायचं म्हणजे आधीच बारा तास उभ्या राहिलेल्या पायांना आणखी शिक्षा. रिक्षा रोज परवडत नाही. म्हणून मी.

मला बनवायला त्यांना जवळजवळ दोन वर्षं लागली. कारण सरळ आहे. दोन कारागीर, पण समोरासमोर येणार फक्त सुट्टीच्या वारी. रातपाळीवाला दुपारी उठून माझ्याशी खटपट करायचा. दिवसपाळीवाला संध्याकाळी आल्यावर. एकाने काय केलं ते दुसऱ्याला कळावं म्हणून ते भिंतीवर खडूने लिहून ठेवायचे.

"पुढचं चाक बसवलं. नट कस."

"कसला. तू बसवलेलं चाक लंगडतंय."

"तुझ्यावर गेलंय."

माझी चौकट कारखान्यातून टाकून दिलेल्या पाइपांची. चाकं भंगारातल्या स्कूटरची, पुढचं एका रंगाचं, मागचं दुसऱ्या. चेन सायकलची. इंजिनापासून चेनच्या दातेरी चाकापर्यंत मागाचाच जुना पट्टा. दांडा ओढला की पट्टा ताणला जातो आणि मी चालते, सोडला की पट्टा ढिला पडतो आणि मी जागच्या जागी फटफट करत उभी राहते. मागही असाच दांडा ओढून चालू करतात. त्यांना दुसरं यंत्र माहीतच नव्हतं, म्हणून त्यांनी मलाही चाकांवरचा माग केलं.

मी बुटकी होते. माझ्यावर बसलेल्या माणसाचे गुडघे कानाला लागतात असं लोक म्हणायचे. गल्लीतून निघाले की आधी आवाज जायचा, मग धूर आणि शेवटी मी.

पहिल्यांदा मी रस्त्यावर आले ती १९९३ च्या दसऱ्याला. त्या दिवशी कारखाना बंद. हिलालला मागांची पूजा करायची होती आणि धम्मरत्नला विहारात जायचं होतं, धम्मदीक्षेचा दिवस म्हणून. कुठे आधी जायचं यावर दोघांची खोलीच्या दारात हुज्जत झाली.

"आपली मागनी लक्ष्मी वाट पाही," हिलाल म्हणाला. "आधी तुन्हं विहार."

"लक्ष्मी तुझी, भो. माझी नुसती नोकरी आहे."

आधी विहारात गेलो, मग कारखान्यात. हिलालने चारही मागांना झेंडूच्या माळा घातल्या आणि उरलेली माळ माझ्या हँडलला. मागाला हात लावायचा आणि तो हात कपाळाला लावायचा, ही त्याची रोजची सवय. मागाजवळ चप्पल घालून जायचं नाही, हाही त्याचा नियम. त्याच्याच नव्हे, त्या कारखान्यातल्या बहुतेक खान्देशी माणसांचा. धम्मरत्नने कधी मागाला नमस्कार केला नाही. पण चप्पल दाराशी काढायचा. सुकलाल नावाचा शेजारच्या मागावरचा कामगार त्याला डिवचायचा, "काय तायडे, नमस्कार नाही अन् चप्पलही नाही? अर्धाच धर्म?"

"माग त्याचाही आहे ना," धम्मरत्न म्हणायचा. "बारा तास माझा, बारा तास त्याचा. त्याच्या बारा तासांत मी चपलेची माती कशाला सोडू?"

हे वाक्य मी मुद्दाम सांगितलं. पुढे लागणार आहे.

आता दोरीचं सांगते. मला किक नाही. धक्का मारून मी सुरू होत नाही, पट्टा घसरतो. मला चालू करायचं तर पुलीला दोरी गुंडाळायची आणि जोरात ओढायची. ती दोरी धम्मरत्नने विणली होती, बीम, म्हणजे मागावरचा सुताचा रूळ, संपताना जी टोकं वाया जातात त्यांची. हिरवी आणि पांढरी. टोकाला मूठ होती मागात आडवं सूत नेणाऱ्या, तुटलेल्या धोट्याच्या अर्ध्या तुकड्याची, गुळगुळीत, एका बाजूने टोकदार. तशी दोरी सुरतेत दुसरी नव्हती. दुसरी करूही दिली नाही हिलालने. म्हणाला, दोन दोऱ्या म्हणजे दोन किल्ल्या, मग चोरालाही एक मिळेल.

रोज सकाळी सातला दिवसपाळीवाला मला घेऊन डिंडोलीहून यायचा. मी कारखान्याच्या खिडकीखाली उभी. तो दोरी गळ्यात टाकून आत जायचा आणि आपल्या जोडीदाराच्या हातात द्यायचा. जोडीदार विचारायचा नाही, फक्त सांगायचा, "चालू शे." म्हणजे चारही माग चालू, सगळं ठीक, तू धर. दुसऱ्याने मागाच्या दांड्याला हात लावला की पहिला सुटला. मग तो बाहेर येऊन तीच दोरी माझ्या पुलीला गुंडाळायचा आणि घरी जायचा. संध्याकाळी सातला उलटा प्रवास. दोरी हातात आली की पाळी संपली. कारखान्यात बाकी लोक भोंग्याकडे कान लावून असायचे, हे दोघं दोरीकडे.

सगळ्यांनी हे रोज पाहिलं. कारखान्याचे मुनीम मेहताजी यांनी पाहिलं, सुकलालने पाहिलं, चहावाल्याने पाहिलं. "आले रे रसवाले, दोरी घ्या दोरी!" अशी आरोळी उठायची. हे मी ठासून सांगते, कारण नंतर या सगळ्यांना एकदम काही आठवेनासं झालं.

१९९४ च्या सप्टेंबरात प्लेगची बातमी आली आणि शहर पळालं. शेठ पहिल्या दिवशी मोटारीने गेले. कारखान्याला कुलूप लावायलाही मागे थांबले नाहीत, फोन करून मेहताजींना लावायला सांगितलं. स्टेशनवर पाय ठेवायला जागा नव्हती. तेव्हा या दोघांनी तोंडाला फडकी बांधली, रॉकेलचा डबा माझ्या बाजूला अडकवला आणि आम्ही निघालो. बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर. मी सायकलपेक्षा थोडी वेगाने चालते. चढ आला की एक जण उतरून मागून ढकलायचा.

त्या प्रवासाइतका आनंद मला आयुष्यात झाला नाही, आणि लोक मरत होते तेव्हा असं म्हणायला मला लाज वाटते. पण खरं ते खरं. तीन वर्षं एका खाटेवर झोपणारी ही दोन माणसं त्या दोन दिवसांत पहिल्यांदा पोटभर बोलली. हिलालला कळलं की धम्मरत्नला दहावीनंतर शिकायचं होतं. धम्मरत्नला कळलं की हिलालची बायको बाळंतपणात गेली आणि म्हणून तो दिवाळीलाही गावी जात नाही.

"मला कधी बोलला नाहीस," धम्मरत्न म्हणाला.

"कधी बोलू? तू उना का मी जास."

 नवापूरच्या घाटात धम्मरत्नने हिलालला उतरू दिलं नाही, एकट्यानेच मला ढकललं.

दुसऱ्या वर्षी धम्मरत्नने बायकोला सुरतेला आणलं. शेजारचीच खोली घेतली. खाट हिलालकडे राहिली, मी दोघांची राहिले. विशाखा स्टेशनवरून माझ्यावर बसून आली, ट्रंक मांडीवर घेऊन.

"ही गाडी आहे की चरक?" तिने विचारलं.

"आधी चरकच होती," नवरा म्हणाला.

"वास येतो."

"रॉकेलचा."

"उसाचा म्हणाला असतास तर मी काही बोलले नसते."

विशाखा घरी साड्यांवर टिकल्या चिकटवायचं काम करायची. कापडाचे तुकडे उरायचे. त्यांची तिने माझ्या फळीवर गादी शिवली. जांभळी, मध्ये चुकून राहिलेल्या दोन टिकल्या चमकायच्या. हिलाल त्यावर बसताना लाजायचा. "वहिनी, मी लुगड्यावर बसी राहिनू का?" तो म्हणायचा. रविवारी ती दोघांना एकाच ताटात वाढायची, कारण दोघं एकाच वेळी जेवायला बसायचे ते त्याच दिवशी.

आता पावसाळा, १९९७ चा.

त्या कारखान्यातल्या एकाही मागाच्या मोटरला अर्थिंगची तार नव्हती. पावसाळ्यात फरशीला ओल आली की मागाच्या अंगातून झटके यायचे. कोणी तक्रार केली की मेहताजी म्हणायचे, "चप्पल पहनो." चप्पल घालून मागाशी कोणी जाणार नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं. शेठनी दर दसऱ्याला पेढे वाटले होते, पुजाऱ्याला बोलावलं होतं, कामगारांच्या श्रद्धेचं कौतुक केलं होतं. त्या श्रद्धेने तारेचा खर्च वाचत होता. मग कामगारांनी आपापली सोय केली. हिलाल-धम्मरत्नच्या मागांपुढे जाड रबराचा एक तुकडा होता, कुठल्यातरी मोठ्या पट्ट्याचा कापलेला. त्यावर अनवाणी उभं राहायचं. दिवसा एकाचे पाय, रात्री दुसऱ्याचे.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात माझ्या इंजिनाखालचं पॅकिंग फाटलं. मी इतकी हादरायला लागले की धम्मरत्नची पाठ धरली. दोन दिवस तो वाकून चालत होता. हिलाल रातपाळीला होता. रविवारी संध्याकाळी पाळीवर जाण्याआधी त्याने मला डिंडोलीत उलटं पाडून इंजिन मोकळं केलं आणि कारखान्यातून त्याच सकाळी आणलेलं ते रबर कापून माझ्या इंजिनाखाली बसवलं. धम्मरत्न दारात उभा राहून बघत होता.

"अरे, आपल्या पायाखालचं?"

"उद्या दुसरं लयसू. तुन्ही पाठ पहिली का माग पहिला?"

"पाठ," धम्मरत्न हसून म्हणाला. विशाखाही हसली.

त्या संध्याकाळी धम्मरत्न हिलालला माझ्यावरून कारखान्यात सोडून परत आला, मी लोण्यासारखी चालले. आजही ते रबर माझ्या इंजिनाखाली आहे. हिरवट काळं, एका कडेला कारखान्यातल्या तेलाचा डाग.

रात्रभर हिलाल गोणपाटावर उभा राहून काम करत होता. गोणपाट आधी कोरडं होतं. पहाटेपर्यंत दाराखालून पाणी आलं आणि ते भिजलं. हे मी पुढे हिलालच्याच तोंडून ऐकलं. त्याच्या हाताला मुंग्या येत होत्या. त्याने मेहताजींना सांगितलं. मेहताजी म्हणाले, वायरमन सकाळी येईल. त्याने पुन्हा सांगितलं. मेहताजी म्हणाले, "माग बंद केलास तर आजची हजेरी बंद."

सात वाजता धम्मरत्न मला घेऊन आला. कालच्या रबराचं कौतुक करत आला होता, पाठ आज दुखली नाही म्हणून. खिडकीशी मला उभं केलं, दोरी गळ्यात टाकली, दाराशी चप्पल काढली. आतून सुकलालचा आवाज आला, "आली रे दोरी!" हिलालने दोरी घेतली. बारा तास उभा होता, डोळे चुरचुरत होते. त्याच्या तोंडून रोजचं निघालं.

"चालू शे."

एवढंच. झटका येतो हे सांगायचं राहून गेलं. सांगायची वेळ कधी नव्हतीच. वर्षानुवर्षं एकमेकांना एवढंच सांगायचे, चालू आहे, धर. धम्मरत्नने दांड्याला हात लावला.

हिलाल बाहेर येऊन दोरी माझ्या पुलीला गुंडाळत होता. आत आरडाओरडा झाला. तो दोरी तशीच उपटून धावला.

धम्मरत्नला उचलून रिक्षात घालायला मेहताजींनी दिलं नाही. "रुको, शेठ को आने दो." शेठ आले तेव्हा धम्मरत्न गार झाला होता. जिवंत असताना त्याला नेलं असतं तर वाचला असता का, हे मी सांगू शकत नाही. मी डॉक्टर नाही. पण डॉक्टरपर्यंत त्याला कोणी नेलंच नाही, हे मी पाहिलं.

मग माझ्यासमोर, खिडकीखाली, शेठनी हिलालला बाजूला घेतलं.

"मागापुढचं रबर कुठे गेलं?"

हिलाल माझ्याकडे बघत राहिला.

"कौन ले गया था? तू ले गया ना? तो फिर किसने मारा उसको? बोल. मैं तेरा नाम लिखवाऊं?" आवाज चढवला नव्हता. उलट खांद्यावर हात ठेवला होता. "घर जा. तूने कुछ देखा नहीं. हम संभाल लेंगे."

हिलाल खाली बसला. पावसात, चिखलात. त्याच्या एका हातात दोरी होती. त्याने ती खिशात घातली. मला वाटतं, काय करतोय हे त्याला कळत नव्हतं.

त्यांनी सांभाळून घेतलं. टेंपोत कापडाच्या गाठींबरोबर आधी धम्मरत्नला ठेवलं, मग मला. फाटकाच्या अलीकडे, वळणावर, जिथे खड्डा आहे तिथे दोघांना उतरवलं. त्याच्या पायात चप्पल घातली. डावी उजव्या पायात गेली, मग बदलली. मला त्याच्या शेजारी आडवं केलं. मी धडधाकट दिसत होते, म्हणून एकाने दगड घेऊन माझ्या पुढच्या चाकाचा चिमटा ठेचला, हँडल वाकवलं. माझ्या आयुष्यातला तो एकच अपघात. तो माझ्यावर झाला.

पंचनामा झाला. बिगर परवान्याची, बिगर नंबरची, घरी बनवलेली धोकादायक गाडी. चालक कामावर जात असताना घसरून डोक्यावर पडला. कारखान्यात पोहोचलाच नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी आल्या: घरगुती फटफटीवरून पडून कामगार ठार. त्या ओळी लिहिणाऱ्याने फाटकापर्यंत जाऊन पाहिलं नाही. धम्मरत्नच्या डोक्याला जखम होती का, एवढं विचारलं असतं तरी पुरे होतं. त्याच्या तळहाताला होती. जळल्याची. विशाखाने त्याला आंघोळ घालताना पाहिली, आणि विचारलं, तेव्हा कोणीतरी म्हणालं, "इंजिन गरम होतं ना, वहिनी."

माझं इंजिन. मीच.

सुकलालला विचारलं गेलं. म्हणाला, मी सकाळी खाली मान घालून काम करत होतो. चहावाल्याला विचारलं गेलंच नाही. कामगारांना मी फार दोष देत नाही. पण थोडा देते. सगळे गरीब होते हे खरं. दोरी सगळ्यांनी पाहिली होती, हेही खरं.

मला चौकीमागच्या आवारात आणून टाकलं. पुठ्ठ्याची चिठ्ठी गळ्यात बांधली. आजूबाजूला चोरीच्या स्कूटर, ठोकलेल्या रिक्षा, एक ट्रक. त्यांचे मालक येतात, कागद दाखवतात, नेतात. मी कोणाची हे सिद्ध करायला कागद नाही. जिच्यावर खुनाचा ठपका ठेवायला कागद लागला नाही, तिला सोडवायला मात्र लागतो.

महिना झाला असेल तेव्हा विशाखा आली. कोणाला विचारलं नाही, सरळ माझ्यापाशी आली. जांभळी गादी अजून होती. तिने ती ओढून फाडली. टिकल्या मातीत पडल्या. मग तिने पायातली चप्पल काढली आणि मला मारत राहिली, टाकीवर, चाकावर, इंजिनावर.

"खेळणं," ती म्हणत होती. "लहान पोरांचं खेळणं. त्यापायी मेला. रोज सांगायचे, रिक्षाने जा, रिक्षाने जा."

मला आवाज असता तर मी एकदाच फटफटले असते. पण दोरी माझ्यापाशी नव्हती.

लोक तिला तेच सांगायचे. बायकोचं ऐकलं नाही, जुगाड गाडीच्या नादाला लागला. भुसावळला सासऱ्यानेही तसंच ऐकलं. रेल्वेत आयुष्य गेलेल्या त्या म्हाताऱ्याला मुलाचा धंदा आणि मृत्यू दोन्ही पोरकट वाटले. तिचा नवरा काम करताना मेला, हे एवढं वाक्य तिच्याकडून काढून घेतलं गेलं. त्याबरोबर जे काही मिळायला हवं होतं तेही गेलं, पण ती त्याबद्दल कधी बोलली नाही. ती एवढंच म्हणायची, माझा माणूस असा बेजबाबदार नव्हता. आणि मग तिचं तिलाच ते पटेनासं व्हायचं, कारण पुरावा म्हणून मी होते.

हिलालने ते चार माग सोडले. भेस्तानला दुसऱ्या कारखान्यात लागला. चप्पल घालून मागाशी उभा राहायला लागला, असं नंतर तो स्वतः म्हणाला.

दोन वर्षं गेली. १९९९ चा जुलै. दुपारची वेळ. हिलाल आवारात आला आणि त्याच्यामागे विशाखा. त्याने तिला काहीतरी दाखवायचं आहे म्हणून आणलं होतं. दाढी वाढलेली, केस पांढरे. तो माझ्यापुढे चिखलात बसला, जसा त्या सकाळी बसला होता, आणि माझ्या इंजिनाखाली हात घालून त्याने रबराला बोट लावलं.

"वहिनी, हाई रबर त्याच्या पायाखालचं शे. मी काढी लयं व्हतं."

विशाखाला काही कळेना. मग त्याने सगळं सांगितलं. मुंग्या, गोणपाट, मेहताजी, चालू शे, शेठचा हात खांद्यावर. सांगताना तिच्याकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघून सांगितलं.

मला वाटलं ती त्याला मारेल. मला मारलं होतं तसं. तिने फक्त विचारलं, "तो कारखान्यात पोहोचला होता?"

"मन्हा हातमां दोरी दिधी त्यानं."

"मग आत पडला?"

"आत."

"अन् तुम्ही दोन वर्षं मला रस्ता दाखवला. मी त्या फाटकापाशी उदबत्ती लावते, भाऊजी. खड्ड्यात. लोक हसतात."

हिलाल रडला नाही. रडण्याचा हक्क आपल्याला नाही असं त्याने ठरवलं होतं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्याने खिशातून दोरी काढली. हिरवी-पांढरी, मळलेली, टोकाला धोट्याची मूठ. तिने ती हातात घेतली. नवऱ्याने विणलेली ती तिने ओळखली. मूठ अंगठ्याने चोळली.

मग तिने वाकून माझी गादी शोधली. कुजून चिंध्या झाल्या होत्या. एक चिंधी उचलून तिने माझ्या फळीवरचं पाणी पुसलं. माझ्यासाठी कोणी काही केलं असेल तर तेवढंच.

दोघं चौकीत गेले. मागचं दार उघडं होतं, मी ऐकत होते. जमादार आधी दोरीकडे बघून हसला, मग हिलालचं ऐकून हसायचा थांबला.

"बेन, केस तो बंद थई गयो."

"मला केस नको," विशाखा म्हणाली. "मला एक सांगा. या दोरीशिवाय गाडी सुरू होत नाही, हे तुमच्या पंचनाम्यात आहे का?"

"बेन, बे वरस थया."

"गाडी डिंडोलीहून निघाली तेव्हा दोरी माझ्या माणसाच्या गळ्यात होती. मी घालून दिली होती. तो वाटेतच मेला असेल तर दोरी त्याच्या अंगावर पाहिजे. यांच्या खिशात कशी आली?"

जमादाराने चहा मागवला. साहेब बाहेरगावी आहेत म्हणाला. पुढच्या सोमवारी या म्हणाला. ती दोघं पुढच्या सोमवारी आली, त्याच्या पुढच्याही. साहेब भेटले, बदलले, नवे आले. कारखान्यावर आता नव्या रंगाची पाटी आहे. तो माग दुसऱ्या जागी हलवला म्हणतात, चालू आहे.

माझी चाकं मातीत गेली आहेत. टाकीत पाली राहतात. पुठ्ठ्याची चिठ्ठी केव्हाच विरघळली. लवकरच मला वजनावर विकतील, तेव्हा इंजिनाखालचं रबरही जाईल. मला कोणी चालवावं असं मी मागत नाही. मी मागते ते एवढंच की मला नेण्याआधी कोणीतरी विशाखाच्या प्रश्नापाशी उभं राहावं.

सरकारी कागदाप्रमाणे ७ जुलै १९९७ रोजी धम्मरत्न तायडे कारखान्यात पोहोचलाच नाही. त्याच सकाळी, कारखान्याच्या खिडकीखाली, माझी एकुलती एक दोरी हिलालच्या खिशात होती. ती तिथे कशी आली, हे त्या कागदाने अजून सांगितलेलं नाही.